त्यांनी हे केलं कसं?

दरवर्षी ३ जानेवारीला आणि ८ मार्चला आपल्याकडे जुन्या स्त्रियांची आठवण काढायची रीत आहे. सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार पडतो, पाहुणे बोलायला उभे राहतात आणि आधीच्या पिढ्यांनी किती सोसलं, किती त्याग केला, तरी घर कसं हसतमुखानं सांभाळलं, हे सांगतात. समोर बसलेल्या मुली टाळ्या वाजवतात. घरी जाताना त्यांच्या हाती एवढंच लागतं, की सोसणं ही फार मोठी गोष्ट आहे. ज्या बायकांनी सोसायचं नाकारलं म्हणून त्यांची तसबीर भिंतीवर लागली, त्यांच्याच नावानं सोसण्याचा धडा द्यावा, यातला विनोद कुणाच्या ध्यानात येत नाही.

मराठी स्त्रियांच्या जुन्या लेखनातले वेचे या पुस्तकात एकत्र केले आहेत. आत्मचरित्रं, पत्रं, वर्तमानपत्रांतले मजकूर, परिषदांचे ठराव असं बरंच काही त्यात आहे. निवड करताना एकच कसोटी लावली. बाईनं तिच्यावर काय गुदरलं हे जिथं सांगितलं आहे, ते पान बाजूला ठेवलं; तिनं मग काय केलं आणि कसं केलं हे जिथं सांगितलं आहे, ते घेतलं. दुःखाची पानं कमी महत्त्वाची आहेत असं नाही. पण ती आपण पुष्कळ वाचली, डोळे पुसले आणि पुस्तक मिटलं. आजच्या बाईला उपयोगी पडेल ती त्यांच्या कामाची रीत. शिकायला वेळ कुठून काढला, पैसा कुठं ठेवला, कागदावर सही करताना काय पाहिलं, चारजणी जमवल्या त्या कशा, या गोष्टी भाषणांत येत नाहीत. मूळ लेखनात मात्र त्या जागोजागी सापडतात.

शिकण्यापासून सुरुवात करू. ‘आता या वयात काय शिकायचं’ हे वाक्य आजही तिशी ओलांडलेल्या कितीतरी जणींच्या तोंडी असतं. त्यांनी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ वाचावी. हे आत्मचरित्र १९२८ मध्ये प्रसिद्ध झालं. पार्वतीबाईंचा जन्म १८७० चा, कोकणातला. ऐन तारुण्यात वैधव्य आलं आणि शिक्षण सुरू झालं ते त्यानंतर. पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी त्या गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. इंग्रजी येत नाही, हे त्यांच्या कामाच्या आड येत होतं. तेव्हा १९१८ मध्ये, पन्नाशीला टेकल्या असताना, त्या थेट अमेरिकेला गेल्या. हाती पैसा नव्हता, भाषा नव्हती. परक्या घरांत भांडी घासून, झाडलोट करून त्या राहिल्या आणि कामाला पुरेल एवढं इंग्रजी शिकून १९२० मध्ये परत आल्या. यात गौरवाचं पुष्कळ आहे, पण मला त्यातला हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. कामाला काय कमी पडतं हे त्यांनी पाहिलं आणि तेवढ्यासाठी दोन वर्षं बाजूला काढली. पदवी, प्रतिष्ठा, लोक काय म्हणतील, यांपैकी कशाचीही त्यांनी वाट पाहिली नाही.

दुसरं उदाहरण फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं. चौथीपर्यंतचं शिक्षण, तेराव्या वर्षी लग्न. नवराबायकोनं मिळून वस्तीत छोटं किराणा दुकान घातलं. पुड्या बांधायला रद्दी लागायची. गिऱ्हाईक नसलं की बेबीताई त्या रद्दीतले कागद वाचत बसायच्या. कुठल्या वर्तमानपत्राचा कुठला तुकडा हाती येईल याचा नेम नव्हता. बातमीचं शेपूट मिळायचं, डोकं मिळायचं नाही. अशा वाचनावर त्या लिहायला लागल्या. लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या, आणि हे लपवणं थोडंथोडकं नाही, वीसेक वर्षं चाललं. फलटणला राहून काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांच्या आग्रहावरून ते लेखन बाहेर आलं. ते १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून छापलं गेलं आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. आज आपल्या प्रत्येकीच्या हातातल्या मोबाइलमध्ये त्या दुकानातल्या साऱ्या रद्दीपेक्षा कितीतरी अधिक वाचायला आहे. तेव्हा वेळ आणि साधन नसल्याची तक्रार करण्याआधी थोडं थांबावं. मात्र बेबीताईंना ते लपवावं का लागलं, हा प्रश्नही त्याच वेळी विचारावा. नवऱ्यापासून, मुलापासून वही लपवावी लागते, यात कौतुक करण्यासारखं काही नाही. जिद्द घ्यावी, ज्या परिस्थितीमुळे तेवढी जिद्द लागली, ती पुढच्या पोरीच्या वाट्याला येऊ देऊ नये.

कागदाचा आणि कायद्याचा धडा रखमाबाईंकडून घ्यावा. त्यांचा खटला शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपतो. अकराव्या वर्षी त्यांचं दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लावलं गेलं. रखमाबाई सासरी नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी बायकोचा ताबा मिळावा म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपील झालं आणि १८८७ मध्ये निकाल फिरला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाईंनी तुरुंग पत्करते म्हणून सांगितलं.

इथपर्यंतची गोष्ट धैर्याची आहे आणि ती ठाऊक असते. तिच्याभोवतीच्या बाकीच्या गोष्टी पाहा. रखमाबाईंच्या विधवा आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, तेव्हा पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली होती. मुलीच्या नावावर काहीतरी होतं. दादाजींच्या दाव्यामागे त्या मालमत्तेचा लोभ आहे, असं तेव्हाही बोललं गेलं. पण तीच मालमत्ता मुलीचा आधारही होती. दुसरं असं, की खटला चालू असताना रखमाबाई गप्प बसल्या नाहीत. १८८५ मध्ये त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त निनावी पत्रं लिहून बालविवाहाचा आणि सक्तीच्या वैधव्याचा प्रश्न साऱ्या देशापुढे मांडला. तिसरं, त्यांनी तडजोडही केली. १८८८ मध्ये २००० रुपये देऊन दादाजींचा दावा मिटवला आणि पुढच्या वर्षी वैद्यकी शिकायला त्या लंडनला रवाना झाल्या. तत्त्वासाठी तुरुंगात जायची तयारी असणाऱ्या बाईनं पैसे मोजून पाय मोकळा करून घेतला, यात कुणाला कमीपणा वाटेल. मला वाटत नाही. आयुष्य कोर्टात घालवायचं की सुरतेच्या आणि राजकोटच्या दवाखान्यांत बायकांवर उपचार करण्यात, हे त्यांनी ठरवलं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. त्यामागच्या वादाला या खटल्यानं धार आणली होती.

याच्या शेजारी आजचं चित्र ठेवा. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभरात २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. तरी गावोगावी बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. साडीचोळी होते, पुरणपोळीचं जेवण होतं आणि तलाठ्याकडे फेरफार पडतो. ‘भाऊ तुटला तर माहेर कुठलं?’ ही भीती खोटी नाही. पण सही करायची ती वाचून, समजून आणि स्वतःच्या मनानं करायची, एवढं तरी जयंतीबाईंच्या दीडशे वर्षांनंतरच्या लेकींना जमायला हवं. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. तिथून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली आणि शेकडो गावांत शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. सातबाऱ्यावर नाव लागलं की घरातल्या आवाजाचा नूर बदलतो, हे त्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

पैशाचा धडा सगळ्यांत जुना आहे आणि तो पुस्तकांत सगळ्यांत कमी सापडतो. डाळीच्या डब्यात चुरगाळून ठेवलेल्या नोटा, नऊवारीच्या ओच्यातली नाणी, वाड्यातल्या दहाजणींची भिशी. २०१६ च्या नोटाबंदीत कितीतरी घरांत बायकांनी नवऱ्यापुढे हे पैसे काढून ठेवले आणि घरच्यांनी चेष्टा केली. त्या साठवणुकीवर आधी किती आजारपणं निभावली, किती पोरांच्या फिया भरल्या, हे चेष्टा करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मात्र डब्यातला पैसा डब्यातच राहिला तर बाईची सुटका होत नाही. तो चारजणींच्या पैशाला मिळाला की त्याला बळ येतं. हे ज्यांनी ओळखलं त्यांच्या गोष्टी बारकाईनं वाचण्यासारख्या आहेत.

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या घ्या. कोकणातून, देशावरून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे दोन वेळा जेवायचे आणि पैसे द्यायचे पगार झाल्यावर. मधले तीस दिवस वाण्याची उधारी वाढायची, सावकाराचं व्याज चढायचं. मंगळसूत्र गहाण पडायचं, सुटायचं आणि पुन्हा पडायचं. दिवसाकाठी पंधरा-वीस माणसांना जेवू घालणाऱ्या या बाईला व्यावसायिक म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ती घरातलंच काम करते असा समज होता. मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव गिरणगावात कामगार चळवळीचं काम करत होत्या. त्यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. तारण म्हणून काय, तर एकमेकींचा शब्द. कुणाची खानावळ कशी चालते, कोण हात राखून खर्च करते, कुणाचा नवरा पैसे उडवतो, हे बँकेच्या साहेबापेक्षा शेजारणीला अधिक ठाऊक असतं. या ज्ञानाला पहिल्यांदा किंमत आली.

याच मुंबईत १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावातल्या सात गुजराती गृहिणी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तोटा आला तरी देणगी घ्यायची नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं. ‘लिज्जत’चं नाव आज साऱ्या देशात आहे, पण पापडाच्या चवीपेक्षा हा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. दान घेतलं असतं तर दात्याचा शब्द चालला असता. आणि माणदेशातल्या म्हसवडच्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं तेव्हा अर्जदार निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला. बायका साक्षरतेच्या वर्गात बसल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कितीही मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो. तुमच्या माणसांनाही काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आयुष्यभर बाजारात शेळ्या, भाजी आणि ब्लाऊजपीस विकणाऱ्या बाईला हिशेब येत नाही, असं मानणाऱ्यांचा हिशेब चुकला होता.

मागणी कशी करावी हेही शिकण्यासारखं आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बायका आल्या होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्यापुढे बोलले. परिषदेचे ठराव वाचताना आजही माणूस थक्क होतो. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, हे तर होतंच. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथं काम करणाऱ्या बायकांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई आणि वीस वर्षं नोकरी झाल्यावर दरमहा किमान १५ रुपये निवृत्तिवेतन मिळावं, असंही त्यांनी मागितलं. ‘महिलांचा सन्मान व्हावा’ असलं मोघम काही नाही. किती दिवस, किती रुपये, किती वर्षांनी, सगळं स्पष्ट. मागणी आकड्यांत असली की ती टाळणाऱ्याला टाळण्याचं कारण द्यावं लागतं.

या ठरावांना ऐंशीच्या वर वर्षं झाली. बीडहून ऊसतोडीला जाणारी बाई अजूनही ‘कोयत्या’तला अर्धा भाग असते, उचल नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते आणि एक दिवस कामावर गेली नाही तर ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो. पाळीत, आजारात खाडा पडू नये म्हणून गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया होत असल्याचं २०१९ मध्ये उघडकीला आलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. नागपूरच्या बायकांनी रजा मागितली होती ती कशासाठी, हे यावरून कळतं. त्यांचा तो कागद इतिहासाच्या कपाटात ठेवण्यासारखा झालेला नाही. तो आजही मागणीपत्र म्हणून चालेल.

१९७२ च्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचा धडा वेगळा. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी असे वेगवेगळ्या झेंड्यांखालचे चेहरे त्यात एकत्र होते. तेल, रॉकेल, साखर, धान्य या चार गोष्टींवर त्यांचं एकमत होतं आणि तेवढं पुरेसं होतं. थाळ्या आणि लाटणी घेऊन गृहिणी रस्त्यावर आल्या, कारण आंदोलनाचं हत्यार त्यांच्या ओट्यावरच पडलेलं होतं. आज समाजमाध्यमांवर एका शब्दावरून दोन मैत्रिणी कायमच्या तुटतात. सगळ्या बाबतींत मतं जुळल्याशिवाय बरोबर चालायचं नाही, ही चैन त्या पिढीला परवडणारी नव्हती. आपल्याला तरी कुठं परवडते?

आता काय घेऊ नये तेही सांगायला हवं, नाहीतर ही प्रस्तावनाही एक हार होऊन बसेल. आधीच्या पिढीतल्या सगळ्याच बायका एकमेकींच्या पाठीशी होत्या असं नाही. मुलींच्या हायस्कुलासाठी पुण्यात गव्हर्नरपुढे इंग्रजीतून निवेदन वाचून रमाबाई रानडे घरी आल्या, तेव्हा त्यांना फैलावर घेतलं ते घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनीच. रमाबाईंचं आत्मचरित्र वाचताना या जाचाची पानं चुकवू नयेत. सासूनं केलं तेच सून सासू झाल्यावर करते, ही साखळी कुणीतरी तोडावी लागते. जातीचंही तेच. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांच्या सोवळ्याओवळ्याचा अतिरेक येतो तेव्हा हसू आवरत नाही, पण त्या हसण्याच्या मागे एक बाई स्वतःच्या डोक्यातलं सोवळं कसं उतरवते, तेही दिसतं. आजीच्या हातची चव घ्यावी, तिनं ज्यांना अंगणाबाहेर उभं केलं त्यांची आठवणही ठेवावी.

आणखी एक गोष्ट. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीला दूषणं दिली जाऊ लागली, तेव्हा संतापून लिहिलेलं ते पुस्तक. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, बाकीच्यांनी टीका केली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हे पुस्तकही विस्मृतीत गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापेपर्यंत. नव्वद-पंचाण्णव वर्षं मराठी बाईला आपल्या भाषेत असं कुणी लिहून ठेवलं आहे याचा पत्ता नव्हता. प्रत्येक पिढीनं तोच राग नव्यानं शोधून काढला. म्हणून जपणं हेही काम आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध कार्यकर्त्या शोधून त्यांना बोलतं केलं आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केलं. नागपूरच्या परिषदेत कोण होतं आणि काय ठरलं, हे आज इतकं नीट कळतं त्यात या दोघींच्या पायपिटीचा मोठा वाटा आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून लाखभर जात्यावरच्या ओव्या टिपल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, पाठीची सुटका झाली हे चांगलंच झालं. पण पहाटे दोघीजणी बसून मनातलं बोलायच्या ती जागाही गेली. ओव्या टिपल्या गेल्या नसत्या तर तिथं काय बोललं जात होतं, हे आपल्याला कळलंच नसतं.

या संग्रहाची मर्यादा यातूनच स्पष्ट होते. ज्यांना लिहिता आलं, किंवा ज्यांचं म्हणणं कुणीतरी लिहून घेतलं, त्यांनाच इथं जागा मिळाली आहे. शेतमजूर, मोलकरणी, कोळणी, तमाशातल्या कलावंतिणी, भटक्या जमातींतल्या बायका यांच्या रीती बहुतांशी त्यांच्याबरोबरच गेल्या. ही उणीव संपादकांना भरून काढता येणार नाही. वाचकांना येईल.

म्हणून एक विनंती. हे पुस्तक वाचून झालं की घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यांत वयस्क बाईजवळ बसा आणि तिला ‘तुम्ही किती सोसलं’ असं विचारू नका. पहिली कमाई कितीची होती आणि ती कुणाच्या हातात दिली, हे विचारा. घर, जमीन, रेशनकार्ड कुणाच्या नावावर होतं? भिशीत कितीजणी होत्या, एखादी पैसे बुडवून गेली तर काय करायच्या? बाळंतपणाला कोण आलं, त्या सुईणीला काय दिलं? कशाला नाही म्हटलं आणि त्याची किंमत काय मोजली? ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवा, खाली गाव आणि तारीख घाला, आणि एक प्रत तिच्या नातीला द्या.